फी, शिष्यवृत्ती आणि हरवलेले दाखले : वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मार्कांची चिंता मागे पडते आणि फीची पुढे येते. यंदाच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : योजना कागदावर दिसते, पैसे हातात येत नाहीत. पत्रं वाचताना लक्षात येतं, की अडलंय ते पात्रतेपाशी कमी आणि एखाद्या दाखल्यापाशी, नावातल्या एका अक्षरापाशी किंवा बँकेतल्या एका न भरलेल्या फॉर्मपाशी जास्त. म्हणून या वेळी उत्तरं थोडी कारकुनी वाटतील. इलाज नाही.

मुलीला कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगची सीट मिळाली आहे. आम्ही ओबीसी. नवरा सिक्युरिटीत आहेत, मी घरी पापड-मसाल्याची कामं घेते. मुलींना फी माफ झाली असं सगळे सांगतात, पण कॉलेजने भला मोठा आकडा हातात ठेवला. नक्की काय माफ आहे? — एक आई, घाटकोपर

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत ५० टक्क्यांवरून १०० टक्के झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपमधूनच, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरची सीट असेल तर सवलत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत. तुमची सीट कॅपची आहे, म्हणजे मोठा अडथळा पार झाला.

आता तो आकडा. कॉलेजने दिलेल्या कागदावर फी एकाच ओळीत लिहिली असेल तर ती फोडून मागा. माफ होतं ते ‘ट्यूशन फी’ आणि परीक्षा शुल्क. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, ओळखपत्र, जिमखाना, विद्यापीठाचं नोंदणी शुल्क हे तुम्हालाच भरावं लागतं. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात, ट्यूशन किती आणि डेव्हलपमेंट किती हे वेगळं दाखवून. तो कागद छापून न्या. काउंटरवर ‘आधी सगळी भरा, सरकारकडून आली की परत करू’ असं म्हणाले तर भांडू नका, पण तेच वाक्य कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून मागा. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये असे सरकारचे आदेश आहेत. लेखी मागितलं की आवाज बराच खाली येतो.

तुम्हाला लागणारे दाखले असे : जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, अधिवास आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. यांतल्या नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला या दोन्हींवरच्या उत्पन्नाचा घोळ घरोघरी होतो. नॉन क्रिमीलेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी मात्र पगार, शेती, भाडं, तुमच्या पापडाचे पैसे, सगळं धरतात. त्यामुळे एका दाखल्यावरचा आकडा दुसऱ्यावर उतरवू नका. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी काढलेला दाखला एप्रिलनंतर चालतो का, हे आधी त्यावरच्या तारखेवर पाहा.

उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतं, म्हणून अर्जात तालुका कुर्लाच निवडा. अंधेरी किंवा बोरिवली टाकून गेलेला अर्ज तिथे पडून राहतो. नवऱ्यांची पगाराची स्लिप असेल तर ओव्हरटाइमसकटचा आकडा दाखवा. स्लिप एक सांगते आणि स्वयंघोषणापत्र दुसरं, हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. त्यानंतर अपिलाचं बटण पोर्टलवरच सापडेल. फॉर्म १६ किंवा कंपनीचं पत्र दाखल्याऐवजी जोडू नका, महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तहसीलदारांचाच लागतो.

महाडीबीटीचा फॉर्म भरताना एकच जागा सांभाळा : प्रवेशाचा तपशील. कॅपचा अ‍ॅप्लिकेशन आयडी अलॉटमेंट लेटरवर आहे तसाच टाका. ‘अ‍ॅडमिशन थ्रू’मध्ये चुकून ‘इन्स्टिट्यूट लेव्हल’ निवडलं गेलं तर पुढची सगळी कागदपत्रं बरोबर असूनही अर्ज बाद होतो.

महाडीबीटीवर ‘फंड डिस्बर्स्ड’ दिसतंय. बँकेत एक रुपया नाही. खातं आधारला लिंक आहे, मी स्वतः जाऊन केलंय. — द्वितीय वर्ष विद्यार्थी, परळ

लिंक असणं आणि सीड असणं या दोन गोष्टी आहेत आणि बँकेतले लोकही त्या एकाच श्वासात बोलतात. आधार लिंक म्हणजे बँकेच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्ये तुमचा आधार नंबर टाकला. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैसे पोचवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, यादीत त्या आधारपुढे ‘पैसे या बँकेत टाका’ अशी नोंद झाली. सरकारी पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत, आधार पाहून येतात, आणि त्या यादीत एका आधारपुढे एकच बँक असते : सर्वांत शेवटी जिथे संमती दिली ती.

तेव्हा यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आधार आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे वेगळ्याच बँकेचं नाव आलं तर आठवा, मोबाइलचं सिम घेताना किंवा रिचार्जच्या दुकानात अंगठा लावून कुठलं पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं होतं का. बऱ्याचदा पैसे तिथेच बसलेले सापडतात. स्टेटस ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल तर तुमच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती फॉर्म वेगळा भरा, केवायसीचा नव्हे, आणि पोच घ्या. चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा.

आणखी एक शक्यता : खातं पूर्ण केवायसीशिवाय उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. फीची रक्कम मोठी असली की ती तिथून परत फिरू शकते. पासबुकावर खात्याचा प्रकार बघा.

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, म्हणून जाता जाता : पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली असेल तर यंदा ‘रिन्यूअल’ करायचं, ‘फ्रेश’ नव्हे. दरवर्षी नवा अर्ज भरणारे बहाद्दर कमी नाहीत आणि त्यांचे अर्ज तितक्याच नियमितपणे परत येतात.

मुलाला ८८ टक्के आहेत, खुला प्रवर्ग. दादरला बीएमएसला घातलंय. आम्हाला काहीच नाही का? धर्मादाय ट्रस्टांकडून काही मिळेल का? — वडील, लोअर परळ

आधी प्रवेशाच्या कागदावर अभ्यासक्रमाचं नाव नीट वाचा. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागू झाली. त्यानंतर मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम ‘बी. कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ अशा नावाने चालू ठेवला. घरी आपण बीएमएसच म्हणतो, पण योजनेला फरक पडतो. सीईटी देऊन कॅपमधून बीएमएसला प्रवेश असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा : उत्पन्न ८ लाखांपर्यंत, मुलग्यांना शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. बी. कॉम. म्हणून प्रवेश असेल तर तंत्रशिक्षणाच्या यादीत शोधू नका, तिथे तुमचा कोर्स सापडणार नाही.

८८ टक्क्यांवर दुसरी वाट आहे : केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. बारावीच्या बोर्डाच्या त्या शाखेतल्या वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत मुलगा बसायला हवा, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत हवं आणि दुसरी कुठली शिष्यवृत्ती चालू नको. पदवीला वर्षाला १२ हजार रुपये. अर्ज महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तिथे आधी ‘वन टाइम रजिस्ट्रेशन’ करून मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी करावी लागते. रक्कम लहान आहे, पण लोकलचा पास आणि पुस्तकं निघतात.

धर्मादाय ट्रस्टांचंही विचारलंय. मुंबईत ते भरपूर आहेत आणि त्यांची रीत साधारण एकच : अर्ज जून ते ऑगस्टमध्ये, मार्कशीट, फीची पावती, उत्पन्नाचा पुरावा, कधी भाडेपावती नि विजेचं बिल, आणि चेक विद्यार्थ्याच्या नव्हे तर कॉलेजच्या नावाने. पत्रात ‘गरीब परिस्थिती’ची वर्णनं नकोत. एकूण फी किती, घरून किती जमले, कुठून किती मागितले, किती कमी पडतात, हे चार आकडे लिहा. वाचणाऱ्याला तेच हवे असतात.

आम्ही वडार. मूळचे सोलापूरकडचे म्हणतात, आजोबा दगडाच्या कामावर फिरायचे. वडील शाळेत गेलेच नाहीत. मानखुर्दची झोपडी तुटली तेव्हा पेटी गेली, रेशन कार्डही गेलं. कॉलेज म्हणतं जातीचा दाखला आणा, सेतूवाले म्हणतात १९६१ चा पुरावा आणा. माझा जन्म २००७ चा. मी १९६१ चा पुरावा कुठून आणू? — एफवायला प्रवेश घेतलेला विद्यार्थी, मानखुर्द

हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, म्हणून सविस्तर.

१९६१ चा पुरावा तुमचा नकोच आहे. वडार महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेचा पुरावा धरतात ती तारीख, २१ नोव्हेंबर १९६१ आहे. (अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.) १९६१ च्या त्या तारखेला तुमच्या वडिलांकडचं रक्ताचं कुणीतरी, आजोबा, पणजोबा, आजोबांचे भाऊ, महाराष्ट्रात राहत होतं आणि वडार होतं, एवढं दाखवायचं आहे. आईकडचा कागद चालत नाही.

सुरुवात सरकारी कचेरीत नको, घरात करा. चुलते, आत्या, चुलत आजोबांची मुलं यांतल्या कुणी ना कुणी पोलीस भरतीसाठी, ग्रामपंचायत निवडणुकीसाठी किंवा आश्रमशाळेसाठी दाखला काढलेला असतो. असा एक दाखला, आणि त्यातही जात वैधता असेल तर फारच उत्तम, सापडला की अर्धं काम झालं. मग तुमच्यापासून त्या माणसापर्यंत वंशावळ लिहायची आणि तिचं शपथपत्र करायचं.

असं कुणीच नसेल तर गाव नमुना १४. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात : गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची जुनी वही. भटकणाऱ्या कुटुंबांना याचा खरा उपयोग होतो, कारण मूल जिथे जन्मलं किंवा माणूस जिथे वारला तिथल्या गावच्या वहीत नोंद झाली, पाल महिनाभरच का पडलेलं असेना. म्हणून आजीला किंवा समाजातल्या म्हाताऱ्यांना गाव कुठलं असं विचारू नका. कुठल्या धरणावर, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या विहिरीवर काम चाललं होतं तेव्हा कोण जन्मलं, असं विचारा. कामाची आठवण पक्की असते. त्यातून तीन-चार गावं निघतील.

या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. कोर्ट फी स्टँप लावून प्रमाणित नकलेचा अर्ज करायचा. त्यात एकच वर्ष टाकू नका, १९४० ते १९६१ असा पट्टा मागा. जुन्या नोंदी मोडीत असतील, मग लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. नोंदीत आडनाव नसणार. ‘मारत्या वडार यास मुलगा’ अशी काहीतरी एक ओळ असेल. आनंदून जायला हरकत नाही, कारण जात आणि तारीख दोन्ही त्या ओळीत आहेत. अडचण पुढे येते : तुमच्या वंशावळीत आजोबांचं नाव ‘मारुती’ लिहिलेलं असतं. त्यावर मारत्या आणि मारुती ही एकच व्यक्ती, असं वडिलांचं वेगळं शपथपत्र जोडा. वंशावळीतलं नाव खोडून मारत्या करू नका, मग ते वडिलांच्या आधारशी जुळत नाही.

गावाजवळच्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टरही बघा. वडील शाळेत गेले नसतील, पण एखादा चुलता दोन महिने बसलेला असू शकतो. नाव घातलं गेलं की रजिस्टरात ते कायमचं राहतं.

इतकं करूनही कागद हाती लागला नाही तर सक्षम अधिकाऱ्याकडे गृहचौकशीची लेखी मागणी करा. चौकशीत समाजाची बोली, देवक, कुलदैवत, लग्नसंबंध, परंपरेचं काम, शेजाऱ्यांचे जबाब हे नोंदवलं जातं. वडीलधाऱ्यांना घरी ठेवा, तुम्ही एकटेच उत्तरं देऊ नका.

आता अर्ज कुठे. इथेच मुंबईकरांचे सहा-सहा महिने जातात. दाखला तुम्ही आज राहता तिथला अधिकारी देत नाही, मानीव दिनांकाला पूर्वज जिथे राहत होते त्या भागाचा प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, देतो. सोलापूर जिल्ह्यातल्या गावची नोंद सापडली तर ‘आपले सरकार’वर जिल्हा सोलापूर आणि तो तालुका निवडून अर्ज करा. वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला अर्ज परत येणार. वैधताही त्याच जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे. नकार मिळाला तर तो लेखी आणि कारणासह घ्या, कारण ३० दिवसांत अपील करता येतं आणि तोंडी नकारावर अपील होत नाही.

हे चालू असताना बाकीचे कागद उभे करा. आधारवरचा पत्ता तुटलेल्या झोपडीचा असेल तर यूआयडीएआयचा ठरावीक नमुना असतो. त्यावर आमदार, राजपत्रित अधिकारी किंवा तुमच्या कॉलेजचे प्राचार्य फोटोवर सही-शिक्का मारून पत्ता प्रमाणित करू शकतात. तो कागद तीनच महिने चालतो, आणून ठेवून देऊ नका. वडिलांकडे आधार असेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीनेही तुमचा पत्ता बदलतो. जन्माचा दाखला नाही म्हणून घाबरू नका, तुमच्या जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला चालतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जन्मदाखला एकमेव पुरावा म्हणून लागतो. एजंटकडून उशिराच्या जन्मनोंदीचा दाखला मात्र घेऊ नका. त्यांची तपासणी आता कडक झाली आहे आणि खोट्या नोंदीचा गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

दाखला हातात आला की उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर विमुक्त-भटक्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची १०० टक्के प्रतिपूर्ती आहे, म्हणून ही धावपळ वाया जात नाही. तोवर प्राचार्यांना अर्ज देऊन फीचे हप्ते मागा आणि विद्यार्थी सहाय्यता निधी, पुस्तकपेढी, ‘कमवा आणि शिका’ यांचं विचारा. अर्जासोबत प्रांताकडच्या अर्जाची पोचपावती जोडा. ‘दाखला नाही’ आणि ‘दाखला प्रक्रियेत आहे’ यांत कॉलेजच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

आईवडील दोघंही नाहीत. बालगृहात वाढले, आता अठरा पूर्ण झाली म्हणून बाहेर. जात माहीत नाही. — विद्यार्थिनी, कुर्ला

जात शोधत बसू नका. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज करा. २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने अनाथांना शिक्षण व नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, आणि जुलै २०२४ च्या फीमाफीच्या निर्णयात अनाथ मुलंमुली दोन्ही आहेत. बालगृहात ठेवतानाचा बालकल्याण समितीचा आदेश हा तुमचा सर्वांत मोलाचा कागद. तो बालगृहाच्या फाइलमध्ये असतो, त्याची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. त्याच कार्यालयात ‘अनुरक्षण’ म्हणजे आफ्टरकेअरचंही विचारा. बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत, अपवादाने २३ पर्यंत, त्याची सोय आहे आणि मिशन वात्सल्यखाली महिना ४ हजार रुपये मिळू शकतात.

धाकटी बहीण, मेहुणे आणि भाची २०१४ पासून न्यू जर्सीत आहेत. मेहुण्यांची नोकरी गेली, व्हिसा संपला, ते तिथेच राहिले. भाची सतरा वर्षांची, हुशार आहे, आता हायस्कूल संपेल. तिला तिथे कॉलेजला मदत मिळेल का? की इथे आणू? — मावशी, मुलुंड

अमेरिकेत केंद्र सरकारची मदत, म्हणजे पेल ग्रँट, फेडरल कर्ज, वर्क-स्टडी, कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. त्यासाठीचा फॉर्म फाफ्सा तिने स्वतःसाठी भरू नये, आणि कुठल्याही फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण तर मुळीच करू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा हा तिथला असा दोष आहे, की पुढे कायदेशीर व्हायची वाट जवळपास कायमची बंद होते. कुणी ‘कुणाचा तरी सोशल सिक्युरिटी नंबर टाका’ म्हणेल. नको.

राज्याची मदत वेगळी असते आणि इथे तुमची भाची नशीबवान राज्यात आहे. न्यू जर्सीत तीन वर्षं तरी हायस्कूल केलेल्या आणि तिथूनच पास झालेल्या अशा विद्यार्थ्यांना २०१३ च्या कायद्याने सरकारी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांचीच फी लागते, आणि २०१८ पासून राज्याच्या अनुदानांसाठीही अर्ज करता येतो. पात्र झाल्याबरोबर आपण कायदेशीर दर्जासाठी अर्ज करू, असं एक प्रतिज्ञापत्र कॉलेजला द्यावं लागतं. अर्जाचं नाव ‘न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह फायनान्शिअल एड अ‍ॅप्लिकेशन’. तो फाफ्साऐवजी असतो आणि राज्याच्या संस्थेकडेच जातो. कॅलिफोर्नियातही ‘ड्रीम अ‍ॅक्ट अ‍ॅप्लिकेशन’ अशी सोय आहे, पण सगळ्या राज्यांत नाही, म्हणून दुसऱ्या राज्यातलं कॉलेज निवडताना फीचा दर आधी विचारा.

खाजगी कॉलेजं स्वतःच्या निधीतून देतात. त्यांना बऱ्याचदा सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज लागतो, त्याला सोशल सिक्युरिटी नंबरची गरज नसते. काही कॉलेजं अशा मुलीला देशातल्या विद्यार्थ्यांत धरतात, काही आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत, आणि मदतीची रक्कम या एका वर्गीकरणावर जमीन-अस्मान बदलते. प्रवेश कार्यालयाला तेवढंच विचारायचं, नाव न सांगता विचारलं तरी चालतं. धाकटं भावंड तिथे जन्मलेलं असेल तर त्याचा फाफ्सा बिनधास्त भरता येतो. आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी मुलाचा हक्क जात नाही.

इथे आणायचं असेल तर एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा : तिचा अठरावा वाढदिवस. अठरा वर्षांच्या आतलं बेकायदा वास्तव्य तिच्या खात्यात मोजलं जात नाही. अठरानंतर १८० दिवसांहून जास्त राहून ती बाहेर पडली तर अमेरिकेत परत जायला तीन वर्षांची बंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. निर्णय कुठलाही असो, तो या हिशोबाने आणि तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या. पासपोर्ट संपला असेल तर नूतनीकरण न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे, ते आत्ताच करून ठेवलेलं बरं.

आणि इथली बाजू स्वच्छ सांगतो. ती भारतीय नागरिक आहे, प्रवेशाला हरकत नाही. तिच्या हायस्कूल डिप्लोमाला भारतीय विश्वविद्यालय संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल. पण दहावी-बारावी महाराष्ट्रात न झाल्यामुळे राज्याच्या कोट्यातली सीट आणि महाडीबीटीच्या योजना यांवर भिस्त ठेवू नका. पूर्ण फी धरूनच गणित मांडा.

बी. फार्मसाठी ४ लाखांचं कर्ज हवंय. बँक म्हणते, तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत राहत नाही, शिवाय तारण द्या. — पालक, भांडुप

दोन्ही कारणं लंगडी आहेत. शैक्षणिक कर्जाला सेवाक्षेत्राची अट लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. आणि बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण तर नाहीच, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी आहे.

काउंटरवर बसून बोलण्यापेक्षा विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, मग नकाराचं कारण बँकेला लिहावं लागतं. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर नॅक किंवा एनबीए मानांकित संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्राची व्याज अनुदान योजना आहे : शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, तेवढ्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. तिथे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. व्याज अनुदान आपोआप लागत नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला कर्ज घेतानाच शाखेत द्या आणि खात्यावर नोंद झाली का ते विचारा. हा कागद दिला नाही म्हणून चार वर्षांनी कर्जाच्या रकमेत व्याज मिळवून हप्ता आलेला पाहून लोक हबकतात.

कर्ज खरोखर कशावर अडतं तर सहकर्जदाराच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालावर. बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा एखादा थकलेला हप्ता, दुसऱ्याला जामीन राहिलेलं कर्ज, हे आधी तपासा. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो. वडिलांचा खराब असेल तर आईला सहकर्जदार करा.